दोराने उतरण्याचा प्रसंग कसा लिहावा : नव्या कथालेखकांसाठी

"आणि तो दोराला धरून सरसर खाली उतरला."

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. हे वाक्य थोड्याफार फरकाने दरवर्षी भेटतं. कधी गडाचा कडा असतो, कधी वाड्याची मागची भिंत, कधी विहीर. लेखकाने दोन पानं खर्चून आपल्याला काठापर्यंत आणलेलं असतं. अंधार असतो, रातकिडे असतात, पहारेकऱ्याचा खोकला असतो. आणि मग 'सरसर'. एका शब्दात माणूस तळाला! ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तेच वाचायचं राहून जातं.

त्या 'सरसर'च्या जागी काय लिहिता येईल, ते इथे पायरी-पायरीने सांगते. हे गिर्यारोहणाचं प्रशिक्षण नाही. हे वाचून कुणी दोर घेऊन कड्याकडे निघू नये, ते काम जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकायचं असतं.

खरं तर या बाबतीत मराठी लेखकाला आयती शिदोरी मिळालेली आहे. 'परतीचे दोर कापले' हा वाक्प्रचार आपण लग्नापासून नोकरीच्या राजीनाम्यापर्यंत कशालाही वापरतो. त्याच्यामागे ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्रीची कोंढाण्याची कथा उभी आहे. तानाजी पडला, मावळे मागे फिरले, आणि दोर केव्हाच कापून टाकलेत असं सूर्याजीने त्यांना सांगितलं. यातला इतिहास किती आणि पोवाड्याने घातलेली भर किती, यावर अभ्यासक वाद घालतील. आपल्याला त्यातून एवढंच हवं आहे : तीन-साडेतीनशे वर्षांनी लोकांच्या तोंडी काय उरलं? कड्याची उंची कुणाला आठवत नाही. दोर कशाचा होता, कुणी विचारत नाही. उरलं ते एकच, की आता मागे जाता येणार नाही.

दोराचा प्रसंग लिहिताना हेच धरून बसायचं. उंची आणि भीती हा वरचा मसाला आहे.

पहिली पायरी : परतीचं काय होणार ते आधी ठरवा

लिहायला बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. हा माणूस खाली पोचल्यावर त्याला वर यायचं असेल तर काय? 'त्याच दोराने येईल' असं उत्तर सहज देता येत असेल, तर तुमच्या प्रसंगात अजून काही घडलेलं नाही. जिना लिहा, काम भागेल.

रॅपलिंग, म्हणजे दोरावरून स्वतःचा वेग स्वतः सांभाळत उतरणं, या तंत्रात एक गोष्ट आहे जी लेखकाला फुकट मिळते. दोर वर कायमचा बांधून ठेवला तर तो तिथेच अडकून राहतो आणि पुढच्या टप्प्याला हाताशी काही उरत नाही. म्हणून दोर मध्यावर दुमडतात, कड्यावरच्या पक्क्या आधारातून ओवतात आणि दोन्ही पदर खाली सोडतात. दोन्ही पदरांवरून उतरायचं, आणि खाली पोचलं की एक पदर ओढायचा. दुसरा पदर वर जातो, आधारातून सुटतो आणि सगळा दोर सळसळत अंगावर येतो. सूर्याजीने धाक म्हणून जे सांगितलं, ते इथे आपल्याच हाताने करायचं असतं.

ज्यूल व्हर्नने हे १८६४ साली कादंबरीत वापरलं. पृथ्वीच्या पोटात निघालेले तिघे, एक प्राध्यापक, त्याचा पुतण्या आणि वाटाड्या, आइसलँडच्या ज्वालामुखीच्या नळीतून उतरतात. त्यांच्याकडे चारशे फूट दोर आहे. तो लाव्ह्याच्या पुढे आलेल्या दगडाला मधोमध अडकवायचा, दोन्ही पदर धरून दोनशे फूट उतरायचं, मग एक टोक ओढून दोर खाली घ्यायचा आणि पुन्हा तेच. असं चौदा वेळा. म्हणजे दोन हजार आठशे फूट. हा हिशेब लेखक स्वतः सांगत बसत नाही, आधीच घाबरलेल्या पुतण्याकडून करवून घेतो. भ्यालेला माणूस आकडे मोजतो, हे व्हर्नला बरोबर कळलं होतं. आणि प्रत्येक वेळी दोर ओढला की डोक्यावरचं जग आणखी दोनशे फूट लांब जातं. चौदा वेळा परतीचा दोर कापला जातो आणि त्याबद्दल कुणी एक अवाक्षर बोलत नाही.

गंमत म्हणजे आल्प्समधल्या गिर्यारोहणात या तंत्राचं श्रेय ज्याला देतात, तो शामोनीचा वाटाड्या जाँ एस्तेरिल शार्ले 'पेती द्र्यू'च्या सुळक्याशी १८७६मध्ये झटत होता. कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची.

आपल्याकडे हा अनुभव बघायचा असेल तर अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळची सांधण दरी आहे. नुसतं बघून यायचं तर घळीत आत जाऊन आल्या वाटेने परत फिरता येतं. पण पुढे कोकणात उतरायचं ठरवून दोराचे टप्पे घेतले आणि शेवटच्या माणसाने दोर काढून घेतला, की मग पाय दुखो, पाणी संपो, वाट खालीच. मघापर्यंत फोटो काढणारी पोरं त्या क्षणी गप्प होतात. ती शांतता कथेत आणा.

दुसरी पायरी : दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण?

दोराने उतरण्याचे मुळात दोन प्रकार आहेत आणि नवे लेखक त्यांची गल्लत करतात. एकात उतरणारा स्वतः दोरावर ताबा ठेवतो, वरचा दोर फक्त बांधलेला असतो. दुसऱ्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वरची माणसं त्याला सोडतात. पहिला प्रकार एकट्याची गोष्ट आहे. दुसरा दोघांची.

गोष्ट कुणाची आहे त्याप्रमाणे प्रकार निवडा. हट्टी, कुणावर विश्वास न टाकणाऱ्या बाईला तुम्ही दुसऱ्या प्रकाराने उतरवलंत, तर पानभर मनोव्यापार लिहायची गरजच पडणार नाही. तिची कंबर दुसऱ्याच्या हातात आहे, बस.

बायबलच्या जुन्या करारात यरीहो शहराची गोष्ट आहे. राहाब ही शहरातली वेश्या दोन परक्या हेरांना लपवते आणि आपल्या खिडकीतून दोराने खाली सोडते, कारण तिचं घर तटालाच लागून आहे. या प्रसंगात दोर लोंबतोय तोवर सगळी सत्ता तिच्या हातात आहे. पण हेर पळाले की सत्ता उलटते. उद्या त्यांचं सैन्य येईल तेव्हा तिचा जीव त्यांच्या हातात. म्हणून त्यांनी सांगितलेली खूण : ज्या खिडकीतून आम्हाला सोडलंस तिला किरमिजी दोरी बांध, तुझं घर वाचेल. एका खिडकीत दोन दोर, आणि मधे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. इतकी कमी सामग्री आणि इतका ताण मला फार थोड्या कथांत दिसला आहे.

आणि आपली हिरकणी? तिच्याकडे दोरच नाही. रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं मूल, आणि ती कडा उतरून जाते. समजा कुणी तिला दोर दिला असता. लगेच दुसरं माणूस आलं : कुणी दिला, का दिला, पहाऱ्यावरच्या कुणाला दया आली का? गोष्ट तिची राहिली नसती. लोककथेने तिला मोकळ्या हातांनी उतरवलं ते बरोबरच केलं. तुमच्या कथेतही दोर नसणं जास्त बळकट ठरेल का, हे एकदा तपासून बघा. मला आलेल्या कथांपैकी दोनेक तरी दोर काढल्याने सुधारल्या असत्या.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण बरोबर घेऊ. दोन भाऊ, अण्णा आणि दत्ता. बांधाच्या वादावरून सहा महिने बोलणं बंद. सामाईक विहीर. मे महिना, गुडघाभर पाणी. पाणबुडी मोटरचा दोर तुटून मोटर तळाच्या गाळात जाऊन बसली आहे. उतरणार धाकटा दत्ता. वर दोर धरणार अण्णा.

तिसरी पायरी : दोर आधीपासून घरात असू द्या

ऐन वेळी 'कोपऱ्यात एक दोर पडला होता' असं लिहू नका. वाचकाला लेखकाचा हात दिसतो. दोर आधी येऊन गेलेला असावा, आणि शक्यतो दुसऱ्याच कामासाठी.

लांब केस सोडणाऱ्या मुलीची जर्मन परीकथा ग्रिम बंधूंच्या संग्रहात आहे. केसांवरून चढणं सगळ्यांना आठवतं. पण मनोऱ्यातून उतरायची तिची स्वतःची युक्ती किती जणांना आठवते? राजपुत्राने दर भेटीला रेशमाची एक लड आणायची आणि ती त्याची शिडी विणणार. म्हणजे पलायन रोज वीतभर वाढतंय. शेवटी ती शिडी उपयोगी पडतच नाही. मुलीच्या तोंडून बोलून जातं, चेटकीण केस कापते आणि राजपुत्र वरून उडी टाकतो. न वापरलेल्या दोराचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

इथे मराठीची श्रीमंतीही वापरा. आपल्याकडे नुसता 'दोर' नसतो. बैलाचा कासरा असतो, गाईचं दावं असतं, मोटेचा नाडा असतो, गाडीवरच्या कडब्याला आवळायचं चऱ्हाट असतं, काथ्याचं सुंभ असतं, अंबाडीचा आणि घायपाताचा दोर असतो. किल्ल्यावर चढाई करताना लावायची ती माळ. दत्ता कमरेला कासरा बांधून उतरतोय असं म्हटलं की दावणीला मोकळा बैल न सांगता दिसतो. निळा नायलॉनचा दोर म्हटलं की बाजारातून कुणीतरी मुद्दाम आणलाय, हे कळतं. माझ्या मते 'जाडजूड दोर' या शब्दांवर नव्या लेखकांना वर्षभर बंदी घालायला हवी.

काळाचं भान मात्र हवं. नायलॉनचे गिर्यारोहणाचे दोर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचे. दोरावर सरकणारी आणि वजन पडताच आवळणारी प्रुसिक गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकच्या नावाने १९३१पासून प्रसिद्ध आहे. शिवकालीन मावळ्याच्या कमरेला कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची आधुनिक कडी, 'खट्' करून लागला, असं मी खरोखर वाचलेलं आहे. साधनं नव्हती तेव्हा माणसं हातांवर उतरत, दोर अंगाभोवती घेऊन उतरत किंवा वरून सोडली जात. हातांवर उतरणाऱ्याचे तळवे सोलून निघतात. कपड्यावरून दोर सरकला तर मांडी आणि खांदा भाजतो. दुसऱ्या दिवशी त्याला भाकरी मोडता येणार नाही. हे लिहा.

चौथी पायरी : काठावर रेंगाळा

सगळ्या प्रसंगातला खरा क्षण कुठला? अर्ध्यावर लोंबकळण्याचा नाही. काठावरचा. अंगाचं वजन पायांवरून दोरावर जातं तो.

मी पहिल्यांदा उतरले तेव्हाचं सांगते. लोणावळ्याच्या बाजूचा एक मध्यम कातळ, साठ-सत्तर फुटांचा. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचा पट्टा, बांधला होता, वर जीव सांभाळणारा दुसरा दोर होता, दोर कातळाच्या धारेवर घासू नये म्हणून खाली गोणपाट घातलं होतं. वेणी टी-शर्टच्या आत खुपसायला लावली होती, कारण मोकळे केस किंवा ओढणी डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या साधनात, ओढली गेली की माणूस तिथेच अडकतो. सगळं चोख होतं. आणि प्रशिक्षक म्हणत होता, "मागे बस. ताई, मागे बस. खुर्चीत बसल्यासारखी."

मागे खुर्ची नव्हती. मागे दरी होती.

जन्मापासून शरीर एकच शिकलेलं असतं : काठाशी गेलं की पुढे वाकायचं, काहीतरी धरायचं. इथे त्याच्या बरोबर उलट करायचं असतं. पाय खांद्याएवढे फाकवून कातळाला टेकवायचे, कंबर मागे दरीत सोडायची आणि धड पायांशी काटकोनात येईल इतकं कलायचं. घाबरून जो सरळ उभा राहतो त्याचे पाय निसटतात आणि गुडघे, कधी तोंडही, खडकावर आपटतं. म्हणजे भ्यालात तर लागतं आणि विश्वास टाकलात तर वाचता. कथालेखकाला आणखी काय हवं?

हातांचंही तसंच. वेग ताब्यात ठेवणारा हात खालचा, कमरेशी दोर धरणारा. तो मागे-खाली घेतला की दोर डिसेंडरवर घट्ट बसतो आणि माणूस थांबतो. पण नवखा माणूस जीव मुठीत धरतो तो वरच्या दोरावर. तिथे धरून काही उपयोग नसतो. माझा डावा हात दुसऱ्या दिवशी दुखत होता तो याच बिनकामाच्या पकडीने. तुमच्या पात्राला चुकीचा हात आवळू द्या. जाणकार वाचक मनात म्हणेल, 'अरे, खालचा, खालचा!' आणि ज्याला यातलं काही माहीत नाही त्यालाही ती पांढरी पडलेली बोटं दिसतील.

कडा कसा आहे तेही ठरवा. भिंत सरळ असेल तर पायाला काहीतरी लागत राहतं आणि माणूस त्या स्पर्शाच्या भरवशावर उतरतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा असेल तर थोड्याच वेळात भिंत दूर जाते, पाय हवेत येतात आणि माणूस दोराभोवती हळूहळू फिरू लागतो. तोंड आळीपाळीने दरीकडे, कड्याकडे, दरीकडे. या फिरण्यात एका वेळी जगाचा एकच तुकडा दिसतो. शत्रू कुठून येतोय हे दाखवायला यापेक्षा चांगली खिडकी नाही.

पाचवी पायरी : अपघात नको, चूक शोधा

दोराचा एकेक पदर तुटतोय आणि नायक वर बघतोय, हे दृश्य आता इतकं घासलं गेलंय की तेच तुटायला आलं आहे. दगडाच्या धारेवर दोर कापला जातो, हे खरं आहे. पण तो निव्वळ योगायोग असेल तर गोष्टीला त्यातून काही मिळत नाही. संकट माणसाच्या आधीच्या निर्णयातून आलं पाहिजे.

याचं खरं उदाहरण १९३६च्या जुलैमधलं आहे, स्वित्झर्लंडमधल्या आयगरच्या उत्तर भिंतीवरचं. दोन जर्मन, दोन ऑस्ट्रियन. भिंतीवर एक गुळगुळीत, आडवा टप्पा होता. हिंटरस्टॉइसरने तो कौशल्याने पार केला, बाकीचे दोराच्या आधाराने मागोमाग आले आणि त्यांनी तो दोर काढून घेतला. वरच जायचं होतं, मग मागे दोर कशाला ठेवायचा? पुढे दगड लागून अँगरर जखमी झाला, चौघांनी माघार घेतली, आणि तो आडवा टप्पा आता बर्फाने काचेसारखा झाला होता. पलीकडे न्यायला दोर नाही. मग सरळ खाली दोराने उतरण्याशिवाय मार्ग उरला नाही. त्या उतरण्यात भिंतीवरून आलेल्या लोटाने घात केला आणि टोनी कुर्त्स एकटा जिवंत, दोराला लटकलेला राहिला.

पुढचं वाचताना हात थांबतो. त्या भिंतीच्या आतून रेल्वेचा बोगदा जातो आणि त्याला भिंतीवर उघडणारी खिडकी आहे. वाटाडे तिथून बाहेर आले, पण त्याच्यापर्यंत पोचू शकले नाहीत. रात्र गेली. सकाळी कुर्त्सचा एक हात गोठून निकामी झाला होता. उरलेल्या हाताने आणि दातांनी त्याने गोठलेल्या दोराचे पदर उलगडले, ते एकमेकांना जोडून खाली सोडले आणि वाटाड्यांनी त्याला बांधून दिलेला दोर वर ओढून घेतला. तो दोर कमी पडत होता म्हणून खाली त्याला दुसरा जोडला होता. जोडला, म्हणजे मधे गाठ आली. कुर्त्स उतरू लागला, वाटाड्यांच्या डोक्यावर हात पुरेल-न पुरेल इतका जवळ आला, आणि ती गाठ त्याच्या कॅराबिनरमधून जाईना. त्याने प्रयत्न केला. मग आता होत नाही असं म्हणाला आणि तिथेच लटकून मेला.

कथालेखक म्हणून यातला दोरांचा हिशेब बघा. एक काढून घेतलेला दोर, एक कमी पडलेला दोर, एक गाठ. प्रत्येक वेळी माणसांनी त्या क्षणी शहाणपणाचं वाटलं तेच केलं. दुष्ट कुणी नाही.

तुमच्या प्रसंगासाठी अशाच साध्या चुका आहेत, मोठ्या आकाराच्या नकोत. दोराचे दोन पदर सारखे न सोडल्याने एक आखूड राहिला. टोकाला गाठ मारायची राहिली, आणि अंधारात उतरणाऱ्याला टोक आल्याचं कळलंच नाही. खाली पोचून दोर ओढला तर तो वर कपारीत अडकला, आता ना दोर ना पुढचा टप्पा. सुती दोर भिजला आणि गाठ सुटेना. यातली एक घ्या. दोन घेतल्यात तर वाचक हसेल.

आमच्या विहिरीत मी यातली एकही घेणार नाही. तिथे दोर मजबूत आहे आणि गाठ पक्की. सहा महिन्यांपूर्वी सरकारी मोजणी झाली तेव्हा दत्ताने काय केलं होतं, तेवढं पुरे आहे.

सहावी पायरी : आवाज आणि वेळ

कड्यावर शब्द पोचत नाहीत. वारा तोडून नेतो. म्हणून डोंगरात फिरणारे ठरलेले, छोटे, ओरडता येतील असे शब्द वापरतात : दोर मोकळा झाला की 'रोप फ्री', दगड सुटला की नुसतं 'दगड!'. विहिरीत उलटं होतं. आवाज घुमतो आणि शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. दोन्हीकडे लांब संवाद शक्य नाही. लोंबकळत्या नायकाने आईची आठवण सांगितली की समजावं, लेखक घरात पंख्याखाली बसलेला आहे.

विहिरीच्या कामात तीनच शब्द लागतात : 'सोड', 'धर', 'ओढ'. अबोला धरलेल्या दोन भावांना हे तीन शब्द बोलावेच लागणार. त्यात 'सोड' शब्दाला आपल्या भाषेत किती अर्थ आहेत बघा. हे मराठीतच जमतं.

वेळ मात्र ताणा. लोंबकळणाऱ्याला वेळ लांब वाटतो आणि त्याची शरीरालाही किंमत मोजावी लागते. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिलेला माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा नायकाला रात्रभर लटकवून सकाळी ताजातवाना लढाईला उभा करू नका.

जुन्या किंवा बंद विहिरीत आणखी एक धोका असतो, कोंडलेल्या विषारी हवेचा. गावाकडे आधी पेटता कंदील सोडून बघतात. कंदील विझला नाही म्हणून हवा चांगलीच आहे, असं मात्र नव्हे. हे ज्याला ठाऊक आहे असा म्हातारा कठड्याशी उभा करा आणि कथेत त्याचं कुणाला ऐकू देऊ नका.

सातवी पायरी : तळाला पोचलं म्हणजे संपलं नाही

पाय टेकले की नवे लेखक सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढच्या परिच्छेदात 'दुसऱ्या दिवशी' सुरू करतात. तुमच्या प्रसंगातली मुख्य गोष्ट तर आता व्हायची आहे. दोर सुटतो, वर जातो किंवा खाली येतो, तो क्षण.

भावांच्या गोष्टीत मला तो क्षण शोधायला वेळ लागला. आधीच्या खर्ड्यात दत्ता उतरतो, अण्णा क्षणभर दोर सोडायचा विचार करतो आणि सोडत नाही, असं होतं. म्हणजे तेच ते. मग विहिरीवर काम करणाऱ्या एका माणसाशी बोलताना लक्षात आलं की मोटर वर काढायची तर दोर एकच आहे. खालच्या माणसाने स्वतःच्या कमरेचा दोर सोडून मोटरला बांधायचा. मोटर वर जाणार, दोर वर जाणार, माणूस खाली. विचार करायची गरज अण्णाला नव्हतीच, विहीरच त्याला तिथे आणून सोडत होती. तो भाग असा झाला :

"सोड."

अण्णाने आंब्याच्या बुंध्याला घातलेला वेढा सैल केला. दोर हातभर गेला.

"सोड."

पुन्हा हातभर. सहा महिन्यांत दत्ता त्याच्याशी बोलला तो हा दुसरा शब्द. पहिलाही हाच होता.

कप्पी कुरकुरत राहिली. दत्ताचं डोकं कठड्याखाली गेलं, मग दिसेनासं झालं. नुसता दोर थरथरत होता. मधे एकदा थांबला. पायाला कपार लागली असेल, लहानपणी पोहायला यायचे तेव्हाची. तिथून उडी मारायची दत्ताला भीती वाटायची. अण्णाने न सांगता थोडा दोर जास्त दिला.

"बास!"

दोर ढिला पडला. खाली पाण्यात पाय टाकल्याचा आवाज, चिखलाचा आवाज, मग बराच वेळ लोखंडावर काहीतरी घासल्याचा.

"ओढ."

या वेळी वजन वेगळं लागलं. मेलेलं वजन, हिसके नसलेलं. अण्णाने आणि शेजारच्या पोराने मिळून ओढलं. मोटर गाळ गाळत कठड्यावर आली. पोराने ती उचलून बाजूला ठेवली आणि पाणी प्यायला खोपटाकडे गेला.

अण्णाने गाठ सोडली. दोर हातात राहिला. ओला, चिखलाने माखलेला, आणि नुसता.

तो कठड्याशी गेला. खाली दत्ता मान वर करून उभा होता. तिथून आभाळ भाकरीएवढं दिसतं, हे अण्णाला माहीत होतं. त्या भाकरीत आता आपलं डोकं दिसत असेल.

खालून 'सोड' आलं नाही.

"दत्ता," अण्णाने हाक मारली. विहिरीने ती दोनदा म्हणून दाखवली. मग त्याने दोराचं टोक हाताला एकदा गुंडाळलं, आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.